चेहरा पुसला म्हणून माणूस लपत नाही

प्रति,
माननीय संपादक यांस,
स. न. वि. वि.

विषय : डॉक्टर आणि वैद्यकीय विद्यार्थ्यांनी रुग्णांचे व्हिडिओ, फोटो समाजमाध्यमांवर टाकण्याबाबत

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका उपकेंद्रात आरोग्यसेविका होते. निवृत्त झाले तरी गावात मला अजून 'नर्सबाई'च म्हणतात आणि लेकराला ताप आला की आधी माझ्याच दारात येतात. पत्राखाली माझं नाव छापू नये, ही विनंती. भीती कोणाची नाही. पण माझ्या नावावरून उपकेंद्र कळेल, उपकेंद्रावरून त्याखालची गावं कळतील, आणि मग ज्याच्याबद्दल मी लिहिते आहे तो माणूस पानटपरीवर दोन प्रश्न विचारले की सापडेल. त्याच कारणानं पुढच्या हकिकतीतल्या दोन-तीन गोष्टी मी बदलल्या आहेत. कोणत्या, ते सांगत नाही.

कपाशीला पात्या लागायच्या दिवसांत आमच्याकडचा एक शेतकरी फवारणीचं औषध प्यायला. घरच्यांनी त्याला मोटारसायकलवर मधे धरून ग्रामीण रुग्णालयात नेलं. डॉक्टरांनी हयगय केली नाही, रात्रभर उभे राहिले आणि तो वाचला. हे मी मुद्दाम आधी लिहिते, कारण ज्यांनी त्याला वाचवलं त्यांच्यातल्याच एकाकडून पुढची गोष्ट घडली.

या विषबाधेत काय करावं लागतं ते वाचकांना माहीत नसेल. अंगावरचे कपडे काढावे लागतात, कारण कपड्याला सांडलेलं औषध कातडीतूनही भिनत राहतं. नळी घालून पोट धुतात. अ‍ॅट्रोपिनची इंजेक्शनं, म्हणजे या विषावरचा उतारा, एकामागून एक द्यावी लागतात, आणि त्याचा अंमल चढला की माणूस बरळतो, हवेत हात मारतो, नळ्या उपटतो. म्हणून हात खाटेला बांधतात. नर्सला, डॉक्टरला हे सगळे उपचार दिसतात. बाहेरच्याला दिसतो तो एक उघडा, बांधलेला, वेड्यासारखं बडबडणारा माणूस.

त्या रात्री ड्यूटीवर असलेल्या एका शिकाऊ डॉक्टरनं हे मोबाईलवर घेतलं. वर 'नाइट ड्यूटी' असं काहीतरी लिहिलं, मागे गाणं लावलं आणि रील म्हणून इन्स्टाग्रामवर टाकलं. चेहरा पुसट केला होता. पण गाण्याखालचा आवाज पुरता बंद झाला नव्हता. त्या आवाजात त्याची माय रडत होती आणि त्याला घरच्या नावानं हाका मारत होती.

गावचा एक पोरगा पुण्याकडे कंपनीत आहे. त्याला ती रील दिसली. त्यानं आवाज ओळखला आणि 'हा आपलाच ना?' असं विचारत गावच्या ग्रुपवर टाकली. रुग्ण तेव्हा दवाखान्यातच होता, सलाईन चालू होतं. त्याची बायको दुसऱ्या दिवशी कपडे न्यायला घरी आली, तर दारात बाया जमलेल्या. ती माझ्याकडे आली आणि म्हणाली, "बाई, जीव वाचवला त्याहिनं, पाया पडतो मी त्याहिच्या. पन माह्या मानसाले उघडा करून साऱ्या दुनियेले काऊन दाखवलं?"

तो घरी आला तोवर गावानं त्याला पाहून घेतलं होतं. बांधलेले हात पाहून काहींनी ठरवलं की याचं डोकं फिरलं. कृषी केंद्रवाल्यानं उधारी बंद केली. त्याला मी पूर्ण दोष देत नाही, उद्या काही झालं तर पोलीस त्यालाही विचारतील. पोरगी शाळेत जाईना. पण मला सगळ्यांत लागलं ते वेगळंच. फेरतपासणीची तारीख दिली होती, त्या तारखेला तो गेला नाही. मी समजावायला गेले तर म्हणाला, "तिथं मोबाईल हायेत." तेवढंच. विष पिऊन वाचलेल्या माणसाला नंतरचे महिने जपावं लागतं, बोलतं ठेवावं लागतं, पुन्हा-पुन्हा दवाखान्यात आणावं लागतं. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यातही आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस मोठ्या तणावाखाली होता असंच धरायचं, त्याला शिक्षा करायची नाही आणि सरकारनं त्याची काळजी घ्यायची, असं म्हटलं आहे. कायद्यानं ज्याची शिक्षा काढून टाकली, त्याला ती गावानं दिली, आणि गावाच्या हातात ती दिली एका सरकारी वॉर्डातल्या मोबाईलनं.

माझी भाची एमबीबीएसच्या शेवटच्या वर्षाला आहे. पोर हुशार आहे, मनाची चांगली आहे. दिवाळीत आली तेव्हा मी तिला हे सांगितलं. तिचं पहिलं वाक्य, "पण मावशी, चेहरा ब्लर केला होता ना त्यानं? मग आयडेंटिटी कुठं रिव्हील झाली?"

या पत्राचा खटाटोप मी त्या वाक्यासाठी करते आहे. असं म्हणणारी ती एकटी नाही. तिचे मित्र तसं म्हणतात, शिकवणारेही म्हणतात, आणि नियमही जवळपास तेच म्हणतो.

मोठ्या शहरातल्या दवाखान्यात चेहरा झाकला की माणूस 'चाळीस वर्षांचा पुरुष रुग्ण' होऊन जातो. तिथं शेजारच्या खाटेवरचा कोण आहे हेही कोणाला ठाऊक नसतं. आमच्याकडे गाव माणसाला चालीवरून ओळखतं, खोकल्यावरून ओळखतं, दंडावरच्या गोंदणावरून, लुगड्याच्या काठावरून ओळखतं. कोलाम आदिवासींच्या पोडावरच्या, म्हणजे वस्तीवरच्या, एखाद्या घराच्या कुडाला कोणत्या बाजूनं टेका दिला आहे तेसुद्धा लोकांना माहीत असतं. फोटोत रुग्ण नसला तरी खाटेपाशी बसलेली सासू असते. सासूही नसली तर खाटेखाली स्टीलचा डबा असतो आणि त्याच्यावर घरच्या कोणाचं तरी नाव कोरलेलं असतं. चेहऱ्यावर काळी पट्टी मारून हे काही झाकलं जात नाही. उलट त्या पट्टीनं लोक जास्त निरखून पाहतात. आणि रील टाकणारा मुलगा असतो दुसऱ्या जिल्ह्याचा, कधी दुसऱ्या राज्याचा. त्याला वाटतं आपण अनोळखी माणूस दाखवला. बरोबरच आहे, त्याच्यासाठी तो अनोळखीच असतो.

भाचीनं मग मोबाईलवर नियम काढून मला वाचून दाखवले, समजावून सांगितले. भारतीय वैद्यक परिषदेची २००२ ची आचारसंहिता आहे. रुग्णाकडून कळलेली गुपितं डॉक्टरनं उघड करायची नाहीत, असं तिच्यात स्पष्ट आहे. न्यायालयाचा आदेश, दुसऱ्याच्या जिवाला धोका, कळवणं बंधनकारक असलेले आजार, एवढे अपवाद. फोटोंबद्दलही कलम आहे : रुग्णाची ओळख पटेल अशा रीतीनं त्याचा फोटो किंवा त्याच्या आजाराची माहिती त्याच्या परवानगीशिवाय नियतकालिकात छापायची नाही. आणि लगेच पुढे, ओळख पटणार नसेल तर परवानगीची गरज नाही.

नियम करणाऱ्यांपुढे तेव्हा वैद्यकीय मासिकं होती. ती डॉक्टर वाचत, आमच्या गावात कोणी वाचत नसे. २००२ साली इन्स्टाग्राम नव्हतं, व्हॉट्सअ‍ॅप नव्हतं, आमच्या उपकेंद्रात तर साधा फोनही नव्हता. त्या काळाला ते वाक्य पुरत होतं. आज त्याच वाक्याच्या आडोशाला वॉर्डातली प्रत्येक रील उभी राहते. ओळख पटणार नाही हे ठरवायचं कोणी? होस्टेलवर बसून व्हिडिओ कापणाऱ्यानं, की ज्याची ओळख जाणार आहे त्यानं?

नवा नियम झाला होता, हेही मला भाचीकडूनच कळलं. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं २ ऑगस्ट २०२३ ला नवी नियमावली काढली. तिच्यात समाजमाध्यमांसाठी वेगळा भाग होता. रुग्णांचे फोटो, स्कॅन टाकू नयेत, रुग्णांकडून शिफारशी घेऊन त्या मिरवू नयेत, लाइक आणि फॉलोअर विकत घेऊ नयेत, उघड्या व्यासपीठावर कोणाच्या उपचाराची चर्चा करू नये. २३ ऑगस्टला, म्हणजे तीन आठवड्यांत, ती सगळी नियमावली स्थगित झाली. मुख्य भांडण जेनेरिक औषधं लिहिण्याच्या सक्तीवरून होतं, समाजमाध्यमांवरून नव्हे. पण गव्हाबरोबर किडे रगडतात म्हणतात, इथं किड्यांबरोबर गहूच रगडला गेला. पुन्हा २००२ वर येऊन थांबलो. त्यातही एक फट आहे. आचारसंहिता नोंदणीकृत डॉक्टरांना लागू. शिकाऊ डॉक्टरची तात्पुरती नोंदणी असते. पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याची नोंदणीच नसते. त्याला विचारायचं ते फक्त त्याच्या महाविद्यालयानं. २०१९ पासून एमबीबीएसला 'एटकॉम' नावाचा भाग शिकवतात, म्हणजे रुग्णाशी वागावं-बोलावं कसं, त्याची गुपितं राखावीत कशी. भाची म्हणाली, "असतं मावशी, पण त्याची हजेरी लावून आम्ही मागच्या बाकावर दुसरंच वाचतो."

आणि परवानगीचं म्हणाल तर तीही आमच्याकडे कशी मिळते ते सांगते. खाटेवर पडलेल्या बाईला डॉक्टरनं विचारलं, "मावशी, एक व्हिडिओ घेऊ का, शिकायला उपयोग होईल?" तर ती 'हो बाप्पा' म्हणणारच. ज्याच्या हातात सुई आहे त्याला नाही म्हणायची तिची काय बिशाद? काही ठिकाणी रुग्णाला दाखल करतानाच्या कागदावर 'शैक्षणिक कामासाठी छायाचित्रण' असं एक वाक्य असतं. त्याच्याखाली अंगठा घेतात, अर्ध्या रात्री, नवरा बेशुद्ध असताना. इन्स्टाग्राम हे शैक्षणिक काम आहे असं त्या अंगठ्याला कोणी सांगितलेलं असतं का? खरी परवानगी घ्यायची तर माणूस बरा होऊन घरी जाताना घ्यावी, उपचार करणाऱ्यानं न घेता दुसऱ्या कोणीतरी घ्यावी, आधी व्हिडिओ त्याला दाखवावा आणि आवाजासकट दाखवावा. मग तो काय म्हणतो ते ऐकावं. माझा अंदाज आहे की दहातले नऊ नाही म्हणतील.

आम्ही काय करत होतो ते सांगायचा मोह आवरत नाही. म्हातारी बाई जुन्या गोष्टी सांगते असं म्हणून वाचकांनी सोडून द्यावं हवं तर. कुष्ठरोगाच्या गोळ्यांची पाकिटं घेऊन मी एखाद्या घरी जायची, तर थेट त्या घरी कधीच जायची नाही. आधी अलीकडच्या घरी जाऊन लेकरांचे डोळे पाहायचे, पलीकडच्या घरी गरोदर बाईचा रक्तदाब घ्यायचा आणि मधे ते घर उरकायचं. गावाला वाटायचं बाई आळीत फिरते आहे. क्षयाच्या रुग्णाचंही तसंच, तांबी बसवलेल्या बाईचंही तसंच. रजिस्टर कपाटात, कपाटाला कुलूप, किल्ली माझ्या कमरेला. सरपंचानं मागितलं तरी दाखवायचं नाही. लग्न न झालेल्या मुलीला दिवस गेले तर तिला तालुक्याला न नेता जिल्ह्याला न्यायचं, आणि एसटीत तिच्या शेजारी बसायचं नाही. हे कोणत्या परिपत्रकात नव्हतं. मोठ्या नर्सबाईंनी धाकटीला सांगायचं, असं चालत आलेलं. आणि त्याला कारण होतं. कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कायदेशीर कारण होतं, ते कलम निघालं २०१९ मध्ये. तोपर्यंत गोळ्यांचं एक पाकीट चुकीच्या माणसानं पाहिलं असतं तर एका बाईचं घर कोर्टात मोडू शकत होतं. आयुर्वेदातल्या चरकसंहितेच्या विमानस्थान या भागात म्हणे वैद्यानं रोग्याच्या घरची गोष्ट बाहेर काढू नये असं लिहिलं आहे. भाचीच्या महाविद्यालयात आता चरकाच्या नावानं शपथही घेतात. मोबाईल नव्हता त्या काळीसुद्धा हे सांगावं लागलं, म्हणजे वैद्यांची जीभ तेव्हाही सैलच असणार.

गुपित राखण्यावर नुसती अब्रू नाही, आरोग्यही अवलंबून असतं, हे आमच्या विदर्भाइतकं कोणी दाखवून दिलं नसेल. डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गडचिरोलीच्या दोन गावांतल्या साडेसहाशे बायकांची तपासणी केली. १९८९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय मासिकात ते छापून आलं. ९२ टक्के बायकांना स्त्रीरोग होता आणि तपासलेल्यांपैकी फक्त ८ टक्के बायकांची आधी कधी तशी तपासणी झाली होती. बायका बोलत नव्हत्या. त्यांना बोलतं करायला किती वर्षं आणि किती माणसं लागली ते आम्ही जवळून पाहिलं आहे. अंगावरून पांढरं जातं हे वाक्य बाईच्या तोंडून काढायला मला कधी-कधी चार भेटी लागायच्या, त्याही चुलीपाशी, नवरा वावरात गेल्यावर. आता त्याच बायांच्या सुना हातात मोबाईल घेऊन बसतात आणि दवाखान्यातल्या रील त्यांनाही दिसतात. प्रसूतिगृहातली एक रील पाहून एक गरोदर पोरगी मला विचारत होती, "मावशी, मी कळा देत असताना कोनी काढन काय?" तिला मी काय उत्तर द्यायचं? काढणार नाहीत म्हणून हमी द्यायची, तर माझ्या हातात आता काही नाही.

पण सगळं खापर या पोरांवर फोडलं तर ते लबाडीचं होईल. फोटो काढायची सवय त्यांना लावली कोणी? आमच्या खात्यानंच. ग्राम आरोग्य व पोषण दिन झाला, फोटो टाका. कुपोषित बालकाचं वजन केलं, फोटो टाका. गृहभेट दिली, घराच्या दारात उभं राहून फोटो टाका, त्यावर ठिकाण आणि वेळ दिसली पाहिजे. आशा ताईचा अर्धा दिवस काम करण्यात आणि अर्धा काम केल्याचं दाखवण्यात जातो. सप्टेंबर २०२२ मध्ये नि-क्षय मित्र सुरू झालं. क्षयरुग्णाला पोषण आहाराची टोपली देणारा दाता जोडून द्यायचा. योजना चांगली, टोपलीही चांगली. पण टोपली देताना फोटो. मागे फलक, फलकावर ठळक अक्षरात क्षयरोग, पुढे टोपली धरून उभी असलेली विशीतली मुलगी, बाजूला हसरे पाहुणे. तो फोटो पाहुण्यांच्या फेसबुकवर. एचआयव्हीच्या बाबतीत २०१७ चा कायदा आहे, कोणाला बाधा आहे हे त्या माणसाच्या संमतीशिवाय उघड करता येत नाही. क्षयाची मुलगी मात्र फलकाखाली उभी करतात. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या शिबिरांतही हेच. आमच्या भागात सिकलसेलची मुलगी म्हटलं की सोयरीक परत जाते, मग ती नुसती वाहक असली तरी. वाहक म्हणजे रोगी नव्हे, दोन वाहकांनी एकमेकांशी लग्न करताना विचार करावा एवढंच, हे आम्ही घसा फोडून सांगतो. आणि तिथंच कोणीतरी सगळ्यांना ओळीत उभं करून फोटो काढतं.

विद्यार्थी तर आता पहिल्या वर्षापासून गावात येतात. प्रत्येकाला काही कुटुंबं दत्तक दिलेली असतात. मला ही पद्धत मनापासून आवडते. सेवाग्रामच्या महाविद्यालयात प्रत्येक तुकडी एक गाव दत्तक घेते, त्या मुलांना घरांची ओढ लागते हे मी ऐकून आहे. पण आमच्याकडे आलेल्या एका तुकडीनं पहिल्याच भेटीत, म्हाताऱ्याची साखर मोजायच्या आधी, त्याच्या पडवीत बसून सेल्फी घेतले. 'माझं दत्तक कुटुंब' म्हणून संध्याकाळपर्यंत स्टेटसला. खाली त्यांच्या मैत्रिणींचे लाल बदाम. म्हातारा मला म्हणाला, "दत्तक मले घेतलं का माह्या फोटोले?"

डॉक्टरांनी मोबाईल फेकून द्यावा असं मी म्हणत नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रातला ईसीजी व्हॉट्सअ‍ॅपवर जिल्ह्याच्या डॉक्टरकडे गेला आणि छातीत कळ आलेल्या माणसाला वेळेत पुढे पाठवलं, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. साप चावलेल्या पोराचे नातेवाईक सापाचा फोटो घेऊन आले तर तो मण्यार आहे की पानदिवड हे दुसऱ्या डॉक्टरला विचारता येतं. हे डॉक्टरकडून डॉक्टरकडे जातं, उपचारासाठी जातं, नाव न घेता जातं. काही डॉक्टरांचे व्हिडिओ तर मी स्वतः बायांना दाखवते. एक तरुण डॉक्टर आमच्या बोलीत सांगतो की साप चावल्यावर आवळून बांधू नका, ब्लेड मारू नका, बाबाकडे नेऊ नका, हात-पाय हलवू न देता सरळ सरकारी दवाखान्यात आणा, प्रतिविष तिथं आहे. त्याच्या व्हिडिओत एकही रुग्ण नाही. तो आहे, पाठीमागे भिंत आहे. तरी लोक शेवटपर्यंत पाहतात. म्हणजे रुग्ण दाखवल्याशिवाय कोणी पाहत नाही, ही सबबही खरी नाही.

भाचीनं मला एक अवघड प्रश्न विचारला, तो इथं मांडते. २०१७ साली फवारणी करताना विषबाधा होऊन आपल्याच जिल्ह्यात विसाहून अधिक शेतकरी, शेतमजूर गेले. तेव्हा वॉर्डातल्या रुग्णांचे फोटो वर्तमानपत्रांत आले, टीव्हीवर आले, म्हणून तर सरकार जागं झालं. "मग ते चाललं, मावशी, आणि हे का नाही?" मी दोन दिवस विचार केला. तेव्हा ती माणसं स्वतः बोलत होती. डोळे लाल झालेले, पण नाव विचारलं तर नाव सांगत होती, कोणत्या दुकानातून औषध आणलं ते सांगत होती, कारण त्यांना सरकारकडून काहीतरी हवं होतं. आमच्या शेतकऱ्याला त्या रात्री कोणाकडून काही नको होतं. त्याच्या रीलमधून त्याला एक पैसा मिळाला नाही, एक प्रश्न सुटला नाही. मिळाले ते लाइक, तेही दुसऱ्याला. वर्तमानपत्रांनाही इथं थोडं सांगायला हवं, राग मानू नये. भारतीय प्रेस कौन्सिलनं २०१९ मध्ये आत्महत्येच्या बातम्यांसाठी मार्गदर्शक सूचना स्वीकारल्या. तरी विष पिणाऱ्याचा फोटो आणि त्यानं काय प्यायलं याचं साग्रसंगीत वर्णन जिल्हा पानांवर अजून दिसतं.

डॉक्टरांची बाजू मला कळत नाही असं नाही. ती पोरं छत्तीस-छत्तीस तास जागतात, नातेवाइकांच्या शिव्या खातात, कधी मारही खातात. नातेवाईकही आत शिरून डॉक्टरांचे व्हिडिओ काढतात आणि 'पाहा कसा उर्मट आहे' म्हणून फिरवतात. तेही थांबलं पाहिजे. रात्रीच्या रीलमध्ये कदाचित त्या पोराला 'पाहा, मी किती थकलो' एवढंच सांगायचं असेल. मग स्वतःचा चेहरा दाखव ना बाबा. अत्याचार करून जिचा खून झाला त्या डॉक्टर मुलीच्या बाबतीतही हेच झालं. ऑगस्ट २०२४ मध्ये कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयातल्या घटनेनंतर देशभरचे डॉक्टर रस्त्यावर आले, यायलाच हवं होतं. पण तिला न्याय मिळावा म्हणून लिहिणाऱ्यांच्या गर्दीत तिचं नाव आणि फोटोही फिरले. अत्याचार झालेल्या बाईची ओळख उघड करणं हा आपल्या कायद्यात गुन्हा आहे. शेवटी सर्वोच्च न्यायालयाला ते काढून टाकायचा आदेश द्यावा लागला. भाचीच्या ग्रुपवरही ते आलं होतं. मी विचारलं, "मग तुम्हाला तेव्हा काय वाटलं?" ती गप्प राहिली. मग म्हणाली, "ती आमच्यातली होती, म्हणून आम्हाला ते लागलं." या उत्तरात सगळं आलं.

आमच्या शेतकऱ्याची रील शेवटी निघाली. भाचीनं त्या शिकाऊ डॉक्टरला निरोप पाठवला, आणि खरं सांगायचं तर त्यानं एका तासात काढली, माफीही मागितली. वाईट मुलगा नसणार. पण गावच्या ग्रुपवर ती आहेच, शेजारच्या गावाच्या ग्रुपवरही आहे. तिथून कोण काढणार? मेडिकल कौन्सिलकडे तक्रार करता येते म्हणतात, समाजमाध्यमांच्या कंपन्यांनाही २०२१ च्या नियमांप्रमाणे तक्रार अधिकारी ठेवावा लागतो. ज्या घरात उधारी बंद झाली आहे त्या घरानं यवतमाळहून मुंबईला तक्रारी लिहीत बसायचं का?

माझं मागणं वैद्यकीय महाविद्यालयांच्या अधिष्ठात्यांना आणि जिल्हा शल्यचिकित्सकांना आहे. आयोगाची नियमावली कधी जागी होईल तेव्हा होईल, तिची वाट पाहायची गरज नाही. वॉर्डात, प्रसूतिगृहात, अपघात विभागात स्वतःच्या मोबाईलनं रुग्णाचं चित्रण नाही. चेहरा झाकूनही नाही, मागून नाही, नुसत्या हाताचंही नाही. उपचारासाठी फोटो लागलाच तर तो विभागाच्या फोनवर, केसपेपरवर नोंद करून. टोपली, शिबिर आणि गृहभेटीचे रुग्णांसकट फोटो मागणं खात्यानं आधी बंद करावं, म्हणजे पोरांना सांगायला तोंड राहील. आणि नवी तुकडी रुजू होईल त्या दिवशी हा आदेश लेखी काढून वॉर्डाच्या भिंतीवर लावा, आणि त्यावर स्पष्ट लिहा की कोणी मोबाईल काढला तर ड्यूटीवरच्या सिस्टरनं त्याला थांबवावं, तो कितीही मोठा डॉक्टर असो. तोंडी सांगून भागणार नाही. सिस्टरनं डॉक्टरला काही सांगणं म्हणजे काय असतं, ते मी नोकरीभर पाहिलं आहे.

आपली विश्वासू,
एक निवृत्त आरोग्यसेविका,
जि. यवतमाळ